जखमेचें मोल

मोटारीच्या धक्क्यानें पाय मोडलेल्या मनुष्यास त्या पायाची भरपाई मागण्याचा हक्क आहे, ही गोष्ट आतां आपल्या लोकांस ऐकून माहीत झाली आहे. परंतु तो हक्क कोणत्या वाटेनें आपल्यापर्यंत आला, याचा विचार क्वचितच होतो. सामान्यतः असें समजलें जातें कीं, नुकसानभरपाईची ही सारी कल्पना इंग्रजी अमदानींत विलायतेहून आली. हें मत अर्धेंच खरें आहे. आणि तें अर्धें कोणतें, हें पाहण्यास सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांइतकी सोयीची भूमि दुसरी सांपडणें कठीण.

सातारा जिल्ह्यांत, जावळीच्या रानांत, प्रतापगडाच्या पायथ्याशीं १० नोव्हेंबर १६५९ रोजीं अफझलखानाचा वध होऊन त्याच्या फौजेचा मोड झाला, हें शाळेंतलें पोरही सांगेल. लढाई संपल्यावर काय झालें, तें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत जिंजीस जी बखर लिहिली, तींत त्या व्यवस्थेची नोंद आहे. पडलेल्या लोकांच्या मुलांचें चालविण्यांत आलें. ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या बायकांस निमें वेतन करून देण्यांत आलें. आणि जखमी झालेल्यांस, जखम पाहून, माणशीं २५ पासून २०० होनांपर्यंत रक्कम मिळाली. मृताच्या वारसांचें पोषण, विधवेस पगाराचा ठराविक अंश, आणि जखमेच्या मानानें चढती रक्कम, हीं आजच्या निवाड्यांतलीं मुख्य कलमें येथें स्पष्ट दिसतात.

तथापि एक गोष्ट तेथें नव्हती. ती रक्कम म्हणजे धन्याची कृपा होती. धनी जाणता होता म्हणून ती मिळाली. न मिळती तर शिपायानें दाद कोणाकडे मागावी, या प्रश्नास उत्तर नव्हतें. शिवाय ती लढणाऱ्या शिपायासाठीं होती. बाजारास जातां जातां दुसऱ्याच्या गाड्याखालीं सांपडलेल्या वाटसरूसाठीं नव्हे.

कृपेचा हक्क कसा झाला, हा पुढचा इतिहास होय. त्यांतही इंग्रजांच्या ठायीं आरंभापासून शहाणपण होतें असें मानण्याचें कारण नाहीं. १८०८ सालीं त्यांच्याच एका न्यायालयानें असें ठरविलें कीं, मनुष्याचा मृत्यू ही दुसऱ्यानें तक्रार करण्याजोगी हानि नव्हे. त्यामुळें विलायतेंत हात मोडणारास भरपाई द्यावी लागे, आणि जीव घेणारा भरपाईवांचून सुटे! पुढें आगगाड्या आल्या, मृत्यूंची संख्या वाढली, तेव्हां १८४६ सालीं पार्लमेंटनें मृताच्या कुटुंबास दावा लावण्याचा अधिकार दिला; आणि त्याच धर्तीवर १८५५ चा तेरावा कायदा हिंदुस्थानांत झाला.

हा कायदा साताऱ्यास लागू पडला; सांगलीस आपोआप पडला नाहीं. अप्पासाहेब महाराज १८४८ सालीं निवर्तल्यावर कंपनीनें दत्तक नामंजूर करून साताऱ्याचें राज्य खालसा केलें होतें, आणि सांगलीस पटवर्धनांचें संस्थान चालू होतें. संस्थानी मुलुखांत ब्रिटिश कायदा दरबारानें स्वीकारावा तेव्हांच चाले. मोटारी धांवूं लागल्यावर खालसा आणि संस्थानी अशा दोन्ही हद्दी एकाच दिवसांत ओलांडल्या जाऊं लागल्या. परंतु गाडीबरोबर जखमी मनुष्याचा हक्क हद्द ओलांडीलच असा भरंवसा नव्हता. ८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणी संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं, १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. जिल्हे दोन झाले, पण कायदा एक झाला.

मध्यंतरीं १९३९ चा मोटार वाहनांचा कायदा आला होता. त्यांतील सर्वांत मोलाची तरतूद म्हणजे परक्या माणसाच्या हानीचा विमा मालकानें उतरलाच पाहिजे ही होय. ती १ जुलै १९४६ पासून अमलांत आली. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मिळूनही मालकाच्या घरीं जप्त करण्याजोगें कांहीं नसेल, तर जखमी मनुष्य रिकाम्या हातानें परत येई. विम्यानें ही अडचण बरीचशी दूर केली. पुढें १९५६ च्या दुरुस्तीनें या दाव्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणें निर्माण करण्याची सोय झाली, आणि दिवाणी दाव्याच्या भारी कोर्ट-फीच्या कचाट्यांतून गरीब मनुष्य पुष्कळ अंशीं सुटला.

तरीही चूक कोणाची, हा प्रश्न उरलाच. १९७७ सालीं मुंबई उच्च न्यायालयाकडून गेलेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यावांचून भरपाई मिळणें नाहीं. रात्रीच्या अंधारांत मालमोटारीखालीं चिरडलेल्या बैलगाडीवाल्यानें साक्षीदार कोठून आणावा? हा अन्याय ओळखून १ ऑक्टोबर १९८२ पासून चुकीचा पुरावा न मागतां मृत्यूबद्दल १५,००० व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देण्याचा नियम झाला. आणि धक्का देऊन पळालेली गाडी न सांपडल्यास सरकारी निधींतून अल्प रक्कम देण्याची सोयही त्याच वेळीं झाली.

१९९४ ची दुरुस्ती आमच्या या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीनें विशेष महत्त्वाची आहे. तोंपर्यंत अपघात ज्या हद्दींत घडला तेथील न्यायाधिकरणाकडेच अर्ज करावा लागे. खंबाटकीच्या घाटांत जायबंदी झालेल्या सांगलीच्या मनुष्यास तारखेमागून तारखेस कुबड्या घेऊन साताऱ्यास जाणें भाग होतें. तेव्हांपासून तो आपल्या राहत्या जिल्ह्यांतही अर्ज करूं शकतो. मराठवाड्यांतून ऊस तोडण्यास आलेल्या मजुरासही गांवीं परतल्यावर हाच मार्ग मोकळा आहे.

आतां रकमेचा विचार करूं. सभासदाच्या शब्दांत माप होतें तें जखमेचें. २०१० सालच्या एका निवाड्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्याहून पुढचें पाऊल टाकलें. डाव्या हाताची तीच जखम सुताराची किंवा गाडी हांकणाराची सारी कमाई बुडविते, पण कचेरींतल्या कारकुनाची नोकरी तशीच चालूं शकते. म्हणून दाखल्यावर अपंगत्व किती टक्के लिहिलें आहे एवढ्यावर न थांबतां, त्या मनुष्याची मिळकत किती बुडाली हें पाहावें, असें न्यायालयानें सांगितलें. सांगलीच्या आखाड्यांतील मल्लाचा गुडघा आणि पेढीवरील मुनिमाचा गुडघा वैद्यास सारखेच दिसतील. न्यायाधीशास ते सारखे दिसतां कामा नयेत. जखम पाहून देण्याची रीत आमच्याकडे होती. जखमी मनुष्याचा धंदा पाहून देण्याची ही रीत तिची योग्य वारसदार आहे.

परंतु हक्क कागदावर येणें वेगळें आणि पदरीं पडणें वेगळें. अर्जाच्या मुदतीचाच इतिहास पाहा. १९५६ सालीं ती ६० दिवस होती. १९६९ सालीं सहा महिने झाली. १९९४ सालीं मुदतीचें बंधन अजीबात काढून टाकण्यांत आलें. आणि २०१९ च्या दुरुस्तीनें, १ एप्रिल २०२२ पासून, सहा महिन्यांची मर्यादा पुन्हां आली. तिच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें गेला आहे. शिळे दावे व बनावट पुरावे यांस आळा बसावा, हा मुदतीच्या बाजूचा मुद्दा आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. पण ज्याचें मांडीचें हाड मोडलें, ज्यास मिरजेच्या इस्पितळांत दोनदोनदां शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, त्याचे सहा महिने खाटेवरच जातात. घरांत कमावणारा तोच. अशा वेळीं गाडीचा मालक कोणा पुढाऱ्यास मध्यें घालून येतो, आपसांत मिटवूं म्हणतो, आणि औषधापुरते पैसे हातावर ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा घेतो. जखमी मनुष्य त्याचे उपकार मानतो! म्हणजे प्रतापगडापासून इतकी वाट चालून आम्ही पुन्हां कृपेपाशींच आलों. आणि ही कृपा तर त्या कृपेच्या पासंगासही पुरणार नाहीं.

यावर उपाय नवीन कायद्यांत शोधण्याचें कारण नाहीं. पोलिसांनीं अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे धाडावा आणि न्यायाधिकरणानें तोच भरपाईचा अर्ज समजावा, अशी तरतूद १९९४ सालींच झाली. ती प्रत्येक ठाण्यांत मनापासून पाळली गेली, तर खाटेवर पडलेल्याच्या वतीनें कायदाच न्यायाधिकरणाच्या दारीं उभा राहील. लढाईनंतर जखमींनीं अर्ज केले होते असें सभासद लिहीत नाहीं. कोणीतरी जाऊन त्यांच्या जखमा पाहिल्या, एवढेंच तो लिहितो. ती रक्कम कृपा होती, आजची रक्कम ऋण आहे. ऋणकोनें धनकोचें घर शोधीत जावें, हाच आमच्या व्यवहाराचा जुना धर्म आहे.