शेप, फॉर्म, फिगर : कॉलेज रोडवरचे तीन शब्द

आजच्या भागात तीन इंग्रजी शब्दांचा माग काढायचा आहे : शेप, फॉर्म आणि फिगर. शाळेत या तिन्हींपुढे आपण बिनदिक्कत 'आकार' असं लिहायचो आणि मार्कही मिळायचे. पण तिघांची घराणी वेगळी आहेत. मी सध्या राहतो त्या चेन्नईच्या नुंगंबाक्कममध्ये कॉलेज रोड नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्याच्या इतिहासात हे तिन्ही शब्द भेटतात.

आधी घराणी पाहू. शेप हा इंग्रजीच्या घरचा शब्द. त्याच्या जुन्या धातूचा अर्थ 'निर्माण करणे'. फ्रेंडशिपमधलं 'शिप' आणि लँडस्केपमधलं 'स्केप' ही त्याचीच भावंडं.

फॉर्म लॅटिनमधून आला. तिथे 'फोर्मा' म्हणजे रूप आणि साचाही. युनिफॉर्म म्हणजे सगळ्यांना एकच साचा. फॉर्म्युला म्हणजे छोटा साचा. ज्या छापील कागदावर आपण फक्त रिकाम्या जागा भरतो, तोही साचाच. जुन्या मद्रास इलाख्यातल्या शाळांत इयत्तेलासुद्धा फॉर्म म्हणत. परफॉर्म मात्र या घरातला नाही. तो जुन्या फ्रेंचमधला वेगळाच शब्द, फॉर्मच्या सहवासाने त्याचा चेहरा बदलला.

फिगरच्या मुळाशी लॅटिनचा 'फिंगेरे' हा धातू आहे, म्हणजे माती मळून घडवणे. संस्कृतातला 'दिह्', म्हणजे लिंपणे, हा त्याच मुळाचा. 'दिह्'पासून झाला आपला देह! तेव्हा फिगर म्हणजे अंगकाठी, हा अर्थ ऐकून नाक मुरडू नका. देह आणि फिगर हे लांबचे सख्खे नातलग आहेत.

मग फिगर म्हणजे आकडा कसा झाला? कागदावर काढलेली खूण ती फिगर, आणि अंकही खूणच. आणि आपण काही वेगळं केलेलं नाही. महाराष्ट्रातलं वीजबिल काढून बघा : 'स्थिर आकार', 'वहन आकार'. सातबाऱ्यावर जमिनीचा आकार असतो, म्हणजे सारा. भूमी अभिलेख खात्यात आकारबंद असतो. दिसण्याचा शब्द दोन्ही भाषांत मोजण्याकडे वळला.

आता कॉलेज रोडवर येऊ. आज इथे हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. १७९२ साली ईस्ट इंडिया कंपनीने इथेच मद्रास वेधशाळा उभी केली. त्या काळचा सुमारे दहा टन वजनाचा ग्रॅनाइटचा खांब अजून आवारात आहे. १८०२ साली विल्यम लँब्टन या लष्करी अधिकाऱ्याने जवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजली आणि त्रिकोणांची जी साखळी सुरू केली, तीच पुढे भारताची महान त्रिकोणमितीय पाहणी झाली. रेखांशासाठी त्याचा आधार होता ही वेधशाळा.

आम्हा फौजी लोकांना नकाशा म्हटला की चढ-उतार, नदी-नाले आठवतात. लँब्टनची भूक मोठी होती. त्याला पृथ्वीचा आकार हवा होता. इंग्रजी शास्त्रग्रंथांत त्याला 'फिगर ऑफ दि अर्थ' म्हणतात. पृथ्वी विषुववृत्तावर थोडी फुगलेली आणि ध्रुवांकडे चपटी असणार, हे न्यूटनने गणिताने सांगितलं होतं. पण नेमकी किती? एवढ्या मोठ्या गोलाकडे नुसतं पाहून काय कळणार? तिथे मोजावंच लागतं. फिगरमधला आकार आणि फिगरमधला आकडा इथे एकत्र आले.

शेपची गोष्ट तंजावरला घडली. १८०८ साली, सरफोजीराजांच्या काळात, लँब्टनचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट तिथल्या मोठ्या मंदिरावर चढवताना दोर तुटला. कोन मोजण्याचं धातूचं चक्र वाकलं. यंत्र आउट ऑफ शेप! सुटे भाग मागवायचे तर विलायतेहून. लँब्टनने सहा आठवडे खपून पाचरी आणि स्क्रू वापरत चक्र पुन्हा गोल केलं. शेप म्हणजे घडवणं, याहून चांगला दाखला मला सापडलेला नाही. हा माणूस काम करता करताच गेला, १८२३ साली, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला.

राहिला फॉर्म. १८१२ साली मद्रासमध्ये कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवायला कॉलेज ऑफ फोर्ट सेंट जॉर्ज सुरू झालं. या रस्त्याच्या नावात आज त्याचीच आठवण उरली आहे. जुन्या कॉलेजच्या आवारात पुढे शिक्षण खातं आलं. फॉर्मचा कागदी अर्थ तिथे आजही भरपूर भेटतो! त्या कॉलेजमागचं डोकं होतं फ्रान्सिस व्हाइट एलिस. बंगालमध्ये विल्यम केरी यांचं मत असं, की दक्षिणेतल्या भाषाही संस्कृतातूनच निघाल्या. हे तेच केरी, ज्यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. वरवर पाहता त्यांचं खरं वाटे. तेलुगूत संस्कृत शब्द पोत्याने सापडतात.

एलिसने कॉलेजातल्या पंडितांच्या मदतीने वेगळी कसोटी लावली. भाषेने घेतलेले शब्द बाजूला ठेवा, तिचे स्वतःचे धातू आणि रूपं पाहा. धातूंच्या याद्या शेजारी शेजारी मांडल्यावर दिसलं, की तमिळ, तेलुगू, कन्नड यांचं मूळ एक आणि ते संस्कृताहून निराळं. हे १८१६ साली कँपबेलच्या तेलुगू व्याकरणाच्या प्रस्तावनेत छापून आलं. कॉल्डवेलचा प्रसिद्ध ग्रंथ त्यानंतर ४० वर्षांनी, १८५६ साली आला.

एलिसचा मुद्दा घरगुती भाषेत सांगायचा तर, कपडे पाहून कूळ ठरत नाही, हाड पाहावं लागतं. हीच कसोटी मराठीला लावून पाहू. मराठी आणि द्रविड भाषांची कुळं वेगळी, पण कसोटी सगळ्यांना चालते. आपल्याकडे फारसी आली, पोर्तुगीज आली, आता इंग्रजी येते आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांत काळजी असते, की मुलांच्या बोलण्यात मराठी उरली किती? फॉर्म हाच शब्द घ्या. आपण म्हणतो, 'आज गडी फॉर्मात आहे'. दगडाचं दगडात, तसं फॉर्मचं फॉर्मात. इंग्रज माणसाच्या फॉर्मला आपण मराठी सामान्यरूप दिलं! शब्द परका, साचा आपला.

तंजावरकडच्या मराठी घरांत व्यंकोजीराजांपासून, म्हणजे १६७० च्या दशकापासून, मराठी बोलली जाते आहे. तिच्यात तमिळ शब्द भरपूर आहेत. पुण्याहून आलेला पाहुणा ते शब्द मोजतो आणि हसतो. त्याने रूपं ऐकावीत. विभक्ती आणि क्रियापद मराठी चालीने चालतंय तोवर ती मराठीच आहे. मुलांच्या तोंडच्या इंग्रजी शब्दांनी मी घाबरत नाही. 'मी फॉर्म फिल केला' यात क्रियापद अजून आपलं आहे. ज्या दिवशी घरात 'केला'च बोललं जाणार नाही, त्या दिवशी काळजी करायची. म्हणून चुकीचा शब्द पकडून मुलांना गप्प करू नका, त्यांना पूर्ण वाक्यं बोलू द्या. साचा वापरात राहिला तरच टिकतो.

जाता जाता एक फौजी गंमत. आमच्या वैद्यकीय तपासणीत प्रत्येक जवान 'शेप'मध्ये मोजला जातो. पाच अक्षरं : मन, कान, हातपाय, शारीरिक क्षमता आणि डोळे. सगळं ठीक असेल तर 'शेप वन'. म्हणजे शेप बाहेरून दिसतो तेवढाच नसतो, हे फौजेलाही ठाऊक आहे.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद, जय महाराष्ट्र.