पोर्तुगीज आडनावे, उत्तर कोकणातील

उत्तर कोकणातील रोमन कॅथलिक समाजात रूढ असलेली पोर्तुगीज मूळाची कुलनामे. परेरा, डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा, फर्नांडिस, रॉड्रिग्ज, घोन्सालविस, लोपीस, आल्मेडा, कार्व्हालो, रुमाव, तुस्कानो इ. आडनावे पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यात, साष्टीच्या जुन्या गावठाणांत व मुंबईत विशेषत्वाने आढळतात. पालघर, माहीम, तारापूर व बोईसर या उत्तरेकडील भागात त्यांचे प्रमाण अल्प आहे. ही आडनावे इबेरियन द्वीपकल्पात निर्माण झाली. पण ती धारण करणारी बहुसंख्य कुटुंबे वंशाने स्थानिक असून त्यांची मातृभाषा मराठी किंवा तिची एखादी बोली आहे. आडनाव आणि वंश यांची अशी फारकत का झाली व या नावांचा प्रसार काही गावांत दाट व काही गावांत विरळ का राहिला, हे या विषयातील मुख्य प्रश्न होत.

व्युत्पत्ती : पोर्तुगीज आडनावांचे अर्थदृष्ट्या चार-पाच वर्ग पडतात. पहिला वर्ग पितृनामांचा होय. वडिलांच्या नावास ‘-एस’ हा प्रत्यय लावून ती सिद्ध होत. फर्नांदुचा पुत्र तो फर्नांदेस, रोद्रिगुचा तो रोद्रिगेस, गोन्सालुचा तो गोन्साल्वेस, नुनुचा तो नुनेस, लोपुचा तो लोपेस. स्पॅनिश भाषेत हाच प्रत्यय अंती ‘झेड’ या अक्षराने लिहितात. यांपैकी फर्नांदु, रोद्रिगु, गोन्सालु ही मूळ नावे लॅटिन नसून जर्मानिक आहेत. रोमन सत्तेच्या ऱ्हासानंतर द्वीपकल्पात राज्य करणाऱ्या व्हिसिगॉथ लोकांचा तो वारसा होय. लोपेस हे नाव मात्र लांडगा या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आले असून लोबो या आडनावाचे मूळही तेच आहे.

दुसरा वर्ग स्थलनामांचा. सौझा (डिसोझा) हे उत्तर पोर्तुगालमधील एका नदीचे नाव होय. आल्मेडा हे सीमेवरील एका गावाचे नाव असून त्याचे मूळ अरबी आहे. मेलु, ब्रितु, आब्रेउ, नोरोन्या, मेनेझेस ही नावेही स्थानवाचकच आहेत. वसई भागातील डाबरे हे आडनाव ‘दाब्रेउ’ या रूपापासून आल्याचे मानतात. तिसरा वर्ग वनस्पतिवाचक नावांचा. परेरा म्हणजे नासपतीचे झाड, ऑलिव्हेरा म्हणजे ऑलिव्हचे झाड, कार्व्हालो म्हणजे ओक वृक्ष, तर सिल्वा म्हणजे रान. वृक्षवाचक आडनावे ही धर्मांतरित ज्यूंची खूण होय, असा एक समज रूढ आहे. परंतु ही नावे जुन्या ख्रिस्ती सरदार घराण्यांतही पूर्वीपासून होती. पोर्तुगालचा सेनापती नूनो आल्व्हरिस परेरा (१३६०–१४३१) हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्यामुळे केवळ नावावरून असा निष्कर्ष काढता येत नाही. चौथ्या वर्गात माशादो (कुऱ्हाड), कोरिया (चामड्याचा पट्टा), कोएल्यो (ससा) यांसारखी मूळची टोपणनावे आणि पाचव्यात क्रूझ (क्रूस), रोझारिओ (जपमाळ), सांतोस (संत), बाप्टिस्टा (बाप्तिस्मा देणारा) अशी धर्मभावनेशी निगडित नावे येतात. रुमाव (मूळ रूप रोमांव, रोमन) व तुस्कानो (इटलीतील तस्कनी प्रांताचा) ही नावे मूळ धारकांच्या परकीयत्वाची किंवा प्रदेशाची निदर्शक आहेत.

उत्तर कोकणातील प्रवेश : गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने डिसेंबर १५३४ मध्ये वसईचा तह करून वसई, साष्टी व मुंबई हा प्रदेश पोर्तुगीजांस दिला. दमण १५५९ मध्ये त्यांच्या ताब्यात आल्यावर डहाणू, तारापूर व माहीम (केळवे) ही ठाणी दमणच्या कक्षेत गेली. वसई व तिच्या भोवतालचा सुपीक प्रदेश वसईच्या कप्तानाकडे राहिला. किनाऱ्यावर किल्ले, गढ्या व चर्च उभी राहिली. राजसेवेबद्दल सरदारांना गावे ठराविक साऱ्यावर तीन पिढ्यांच्या कराराने देण्यात येत. वसई शहरात या धनिक पोर्तुगीज घराण्यांची वसाहत होती.

धर्मप्रसाराचे काम प्रथम फ्रान्सिस्कन व नंतर जेझुइट धर्मगुरूंनी केले. आंतोनिओ दु पोर्तू हा फ्रान्सिस्कन धर्मगुरू सोळाव्या शतकाच्या मध्यास वसई व साष्टी भागात कार्य करीत होता. सेंट फ्रान्सिस झेव्हिअर यानेही वसईस भेटी दिल्या. धर्मांतरित झालेल्यांत सामवेदी ब्राह्मण, वाडवळ, कोळी, भंडारी इ. जातींचे लोक होते. धर्मांतरानंतर त्यांची नावे व आडनावे बदलली. शेती, मासेमारी, बोली, जातिनिहाय वस्ती व लग्नसंबंधांच्या मर्यादा मात्र बऱ्याच अंशी पूर्ववत राहिल्या.

नामकरणाची पद्धती : बाप्तिस्म्याच्या वेळी प्रत्येक नवख्रिस्ती व्यक्तीस एक धर्मपिता असे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धर्मपालकांची संख्या एक किंवा फार तर एक पुरुष व एक स्त्री अशी मर्यादित करून त्यांची नावे नोंदवहीत लिहिण्याचा नियम घालून दिला. धर्मपिता बहुधा पोर्तुगीज अधिकारी, जमीनदार, सैनिक वा प्रतिष्ठित ख्रिस्ती गृहस्थ असे. व्यक्तिनाम एखाद्या संताचे, तर आडनाव धर्मपित्याचे किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूचे घेण्याची प्रथा पडली. एकाच धर्मपित्याच्या साक्षीने अनेकांचा बाप्तिस्मा झाल्यास परस्परांशी रक्ताचे नाते नसलेली कुटुंबे एकाच आडनावाची होत. उलट सख्ख्या भावांचे धर्मपिते वेगवेगळे असल्यास त्यांची आडनावेही भिन्न होऊ शकत. त्या काळी खुद्द पोर्तुगालमध्येही आडनाव पित्याकडूनच यावे, असा नियम पक्का झालेला नव्हता. आई, आजी वा धर्मपिता यांचे नाव घेणे तेथेही संमत होते.

यावरून उत्तर कोकणातील पोर्तुगीज आडनाव हे पूर्वजाचा नव्हे, तर बाप्तिस्म्याच्या प्रसंगाचा पुरावा ठरते. परेरा आडनावाच्या दोन कुटुंबांत एकच पूर्वज शोधणे किंवा आडनावावरून पोर्तुगीज रक्ताचे अनुमान करणे, या दोन्ही गोष्टी इतिहासदृष्ट्या निराधार होत. मिश्रविवाहांतून जन्मलेली संततीही वसईत होती. जपानमध्ये नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी हौतात्म्य पावलेला वसईचा संत गोन्सालो गार्सिया याचे वडील पोर्तुगीज व आई वसईची होती, असे परंपरा सांगते. १८६२ मध्ये त्याला संतपद देण्यात आले. मात्र असे कुलवृत्त अपवादात्मक होय. वसईतील घोन्सालविस हे आडनावही या संतावरून आलेले नाही; ते पोर्तुगालमध्ये त्याच्या कितीतरी आधी रूढ होते.

धर्मपित्याच्या संस्थेचा ठसा भाषेवरही उमटला आहे. सामवेदी ब्राह्मण समाजातून ख्रिस्ती झालेल्या लोकांना कुपारी म्हणतात. हा शब्द ‘कोंपाद्रे’ या पोर्तुगीज शब्दापासून आला असल्याचे सामान्यतः मानतात. मुलाचा पिता व धर्मपिता यांच्यातील परस्परनाते त्या शब्दाने व्यक्त होते. आडनाव ज्या नात्यातून मिळाले, त्याच नात्याचे नाव अशा रीतीने एका समाजाला मिळाले.

मराठी अंमल व आडनावांची वाटणी : मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी जिंकली. चिमाजी आप्पाच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये माहीम व तारापूर ही ठाणी पडली. तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर मारला गेला. मे १७३९ मध्ये वसई शरण आली. पोर्तुगीज अधिकारी, सैनिक व धनिक घराणी गोवा, दमण इ. ठिकाणी निघून गेली. ज्या घराण्यांबरोबर ही आडनावे आली होती ती घराणी गेली. ज्यांनी ती बाप्तिस्म्यात स्वीकारली होती ते शेतकरी व कोळी मागे राहिले. तेव्हापासून उत्तर कोकणात ही आडनावे जवळजवळ संपूर्णपणे स्थानिक लोकांची झाली.

याच घटनेत आजच्या विषम वाटणीचेही एक कारण आहे. तारापूर, शिरगाव, केळवे-माहीम व अशेरीगड ही प्रामुख्याने लष्करी ठाणी होती. तेथील ख्रिस्ती वस्ती बव्हंशी किल्ल्याच्या आश्रयाने राहणारी होती. शिबंदी उठताच ती विस्कळित झाली. याउलट नंदाखाल, निर्मळ, सांडोर, पापडी, आगाशी या वसईच्या परिसरात भात, केळी व ऊस यांची बागायत करणारा शेतकरीवर्ग धर्मग्रामांत संघटित झाला होता. त्याची मुळे जमिनीत असल्याने राज्य बदलूनही तो टिकला. त्यामुळे किल्ल्यांचे अवशेष सर्वत्र दिसत असले, तरी आडनावांचा दाट पट्टा मात्र धर्मग्रामांच्या मागोमाग जातो, किल्ल्यांच्या नव्हे.

रूपांतरे : अडीच-तीन शतकांत या नावांची उच्चारणे व लेखनरूपे बदलत गेली. ‘रोमांव’चे रुमाव झाले, त्याच नियमाने पोर्तुगीज ‘पांव’ या शब्दाचा मराठीत पाव झाला. लोपेसचे लोपीस, नुनेसचे नुनीस, गोन्साल्वेसचे घोन्सालविस ही रूपे मराठी उच्चाराने घडविली. रॉड्रिग्ज, डायस ही रूपे इंग्रजी वाचनाने. ‘दे’ किंवा ‘दा’ (चा, ची) हे मूळचे स्वतंत्र पद इंग्रजी अंमलात नावास जोडून लिहिले जाऊ लागले व डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा ही सलग रूपे रूढ झाली. पोर्तुगालमध्ये १९११ च्या लेखनसुधारणेने जोडव्यंजने व काही जुनी अक्षरे काढून टाकली. भारतात मात्र रोमन लिपीतील मेलो, सौझा, रिबेलो इ. नावांची त्यापूर्वीची लेखनपद्धती अद्याप चालू आहे. म्हणजे मूळ देशात लोपलेले वर्णलेखन येथे जतन झाले.

ईस्ट इंडियन हे अभिधान : एकोणिसाव्या शतकात रेल्वे, गोदी व सरकारी कचेऱ्यांतील नोकऱ्यांसाठी गोव्यातील ख्रिस्ती लोक मोठ्या प्रमाणावर मुंबईस आले. त्यांची आडनावे उत्तर कोकणातील ख्रिस्ती लोकांसारखीच असल्याने दोन्ही समाज ‘पोर्तुगीज’ या एकाच नावाने ओळखले जात. उत्तर कोकणातील लोक हे ब्रिटिश प्रजाजन, तर गोमंतकीय हे पोर्तुगीज प्रजाजन होते. नोकऱ्यांतील स्पर्धेत हा गोंधळ स्थानिकांना जाचक वाटू लागला. त्यामुळे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, २६ मे १८८७ रोजी, बाँबे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना होऊन ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारण्यात आले. आडनाव समाजाची ओळख पटविण्यास अपुरे पडल्यामुळे दुसरे नाव घ्यावे लागल्याचे हे लक्षणीय उदाहरण होय. लोकमान्य टिळकांचे सहकारी व मुंबईचे महापौर काका (जोसेफ) बाप्टिस्टा (१८६४–१९३०) हे याच समाजातील होत. वसईच्या कुपारी व वाडवळ ख्रिस्ती समाजांत मात्र स्वतःच्या जुन्या नावांची व बोलींची जाणीव अधिक प्रबळ राहिली.

आधुनिक काळ : तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले व पुढे बोईसर येथे औद्योगिक वसाहत वाढली. नोकरीनिमित्त निरनिराळ्या प्रांतांतून लोक येथे आले. त्यामुळे १७३९ नंतर ज्या भागात ही आडनावे विरळ झाली होती, तेथे ती कामगार व तंत्रज्ञ यांच्याबरोबर पुन्हा येऊ लागली. बोईसरमधील डिसोझा हे वसईचे, गोव्याचे वा मंगळूरचे असू शकतात. मंगळूरच्या कॅथलिकांचे पूर्वज बव्हंशी गोव्यातून तिकडे गेले होते. डहाणू-तलासरी भागात विसाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्या आदिवासी कुटुंबांनी सामान्यतः आपली मूळ आडनावेच कायम ठेवली. बाप्तिस्म्याबरोबर आडनाव बदलण्याची सोळाव्या शतकातील प्रथा तोवर मागे पडली होती. एकाच जिल्ह्यात असे दोन काळांचे दोन प्रकार शेजारी आढळतात. वसईच्या स्वतंत्र धर्मप्रांताची स्थापना १९९८ मध्ये व पालघर जिल्ह्याची निर्मिती १ ऑगस्ट २०१४ रोजी झाली.

मुंबईतून आखाती देश, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इ. ठिकाणी झालेल्या स्थलांतराने या आडनावांचा प्रसार आणखी वाढला. गोवा, दमण व दीव येथे १९६१ पूर्वी जन्मलेल्या व्यक्तींना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळविण्याची सोय आहे. ती जन्मस्थानाच्या नोंदीवर आधारित असून आडनावावर नव्हे. वसई-तारापूरचा पोर्तुगालशी असलेला राजकीय संबंध १७३९ मध्येच तुटला असल्याने येथील डिमेलो व गोव्यातील डिमेलो यांची कायदेशीर स्थिती भिन्न ठरते.

तुलना : पोर्तुगीज आडनावांचा असा प्रसार ब्राझील, श्रीलंका, मलाक्का, फ्लोरेस, तिमोर व तमिळनाडूचा परवर किनारा येथेही झाला. श्रीलंकेत परेरा, सिल्वा व फर्नांडो ही आडनावे बौद्ध सिंहली कुटुंबांतही रूढ आहेत. तेथे आडनाव धर्मापासूनही सुटले. उत्तर कोकणात ते वंशापासून सुटले, पण धर्माशी निगडित राहिले. भाषेच्या आड मात्र ते आले नाही. सिसिलिया कार्व्हालो यांच्यासारख्या लेखिका मराठी साहित्यात सुपरिचित आहेत आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) हे उस्मानाबाद येथे २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीस धर्माच्या कारणावरून काहींनी विरोध केला होता. परकीय आडनाव म्हणजे परकीय माणूस, हे समीकरण अशा प्रसंगी पुनःपुन्हा डोके वर काढते. या आडनावांचा इतिहास त्यास आधार देत नाही. नाव बाहेरून आले, ते धारण करणारे मात्र येथेच होते.