शीतगृहातील तापमान व आर्द्रता-नियंत्रण (कुपवाड)

शीतगृह म्हणजे शेतमाल ठरावीक तापमानात आणि ठरावीक आर्द्रतेत दीर्घकाळ राखण्यासाठी उष्णतारोधक भिंती उभारून यंत्राने थंड ठेवलेली इमारत. सांगली, मिरज आणि कुपवाड या तीन शहरांची मिळून 1998 साली महानगरपालिका स्थापन झाली. तिच्या हद्दीतील कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आणि तिच्या आसपास अशी शीतगृहे मुख्यतः बेदाण्यासाठी उभी राहिली. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज आणि जत या तालुक्यांतील बेदाणा वाळवण्याच्या शेडवर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तयार होणारा माल पुढे वर्षभर, रमजान व दिवाळीच्या मागणीपर्यंत, विक्रीयोग्य राहावा लागतो. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि त्या नावाला बाजारात किंमत मिळते ती रंग टिकला तरच, आणि रंग टिकणे हे बव्हंशी शीतगृहाच्या यंत्रणेवर अवलंबून असते.

सुमारे 4 किलो द्राक्षांपासून 1 किलो बेदाणा तयार होतो आणि त्यात साधारण 15 टक्के पाणी उरते. हा माल ताज्या फळाप्रमाणे श्वसन करत नसल्याने स्वतः जवळजवळ उष्णता निर्माण करत नाही. मात्र उघड्या गोदामात उन्हाळा काढल्यास त्यातील शर्करा व अमिनो आम्ले यांच्या परस्पर प्रक्रियेमुळे हिरवा बेदाणा तपकिरी पडतो, कीड लागते आणि कालांतराने दाण्यावर साखर धरते. तापमान 4 ते 5 अंश सेल्सियसपर्यंत उतरवल्यास या सर्व क्रिया मंदावतात. हवा फार दमट राहिल्यास दाणे चिकटून गोळा होतात, तर फार कोरडी झाल्यास वजन घटते. म्हणून सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जितकी वाफ सामावू शकते तिच्यापैकी प्रत्यक्ष किती वाफ हवेत आहे याचे प्रमाण, सुमारे 60 टक्के ठेवणे हितकर ठरते.

यंत्रणेची क्षमता ‘टन’ या एककात मोजतात. 1 टन म्हणजे साधारण 3.5 किलोवॉट दराने उष्णता बाहेर काढण्याची शक्ती. 35 अंशांवर आलेला 10,000 किलो बेदाणा चोवीस तासांत 5 अंशांपर्यंत आणायचा असेल, तर त्याची विशिष्ट उष्माधारकता दर किलोला व दर अंशाला सुमारे 2 किलोज्यूल धरून 6 लाख किलोज्यूल उष्णता काढावी लागते आणि त्यासाठी केवळ 2 टन क्षमता पुरते. मालाचा भार इतका कमी असल्यामुळेच अनेकदा यंत्रणेची निवड चुकते, कारण हिशेब मालाच्या वजनावर आणि मे महिन्यातील उन्हावर मांडला जातो; यंत्रणेची खरी कसोटी मात्र पावसाळ्यात लागते.

जुलैमधील 28 अंशांच्या आणि 85 टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला सुमारे 23 ग्रॅम वाफ असते, तर 5 अंशांच्या आणि 60 टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये ती जेमतेम 4 ग्रॅम असते. चेंबरचे दार उघडे ठेवून हमाल बॉक्स बाहेर काढत असताना आत शिरणाऱ्या दर घनमीटर हवेबरोबर अशा रीतीने सुमारे 19 ग्रॅम जास्तीचे पाणी आत येते, आणि 1 किलो वाफेचे पाणी होताना साधारण 2,500 किलोज्यूल इतकी सुप्त उष्णता, म्हणजे तापमापकावर न दिसणारी पण यंत्राला उपसावी लागणारी उष्णता, बाहेर पडते. शिवाय 5 अंशांना 60 टक्के आर्द्रता राखायची तर हवेचा दवबिंदू उणे 2 अंशांच्या आसपास आणावा लागतो. थंड कॉइल त्याहूनही गार ठेवावी लागत असल्याने तिच्यावर बर्फ धरतो आणि तो वेळोवेळी गरम वायूने किंवा पाण्याने वितळवावा लागतो. कधी तापमान गाठलेले असते, पण ओलावा शिल्लक असतो. अशा वेळी हवा अधिक थंड करून तिच्यातील पाणी काढून घेतात व नंतर ती किंचित तापवतात. शीतगृहात उष्णता देणारे उपकरण लागते ते यासाठी. थंड बॉक्स थेट दमट हवेत नेल्यास दाण्यावर दव जमते, म्हणून चेंबर व धक्का यांच्यामध्ये मधल्या तापमानाची खोली आणि दाराशी हवेचा पडदा असणे आवश्यक ठरते. या खोलीची जागा वाचवणे ही वाईट काटकसर होय.

परदेशात दिव्यांच्या उजेडात चालणाऱ्या बंदिस्त शेतीतही ओलावा काढण्याचा हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो. कॅनडात 2018 पासून कायदेशीर असलेल्या गांजाच्या व्यापारी लागवडीत दिव्यांना पुरवलेली वीज अखेर जवळजवळ सर्व उष्णता बनते आणि झाडांना घातलेल्या पाण्याचा बहुतांश भाग वाफ होऊन खोलीच्या हवेत मिसळतो. दिवे मालवल्यावर उष्णता थांबते पण वाफ चालू राहते, म्हणून तेथे ओलावा काढण्याची सोय थंडाव्यापासून स्वतंत्र ठेवतात. भारतात अशी लागवड 1985 च्या अमली पदार्थविषयक अधिनियमाच्या कठोर नियंत्रणाखाली येते, त्यामुळे कुपवाडच्या संदर्भात हे उदाहरण केवळ अभियांत्रिकी तुलनेपुरते आहे.

भिंतींसाठी पूर्वी थर्मोकोल वापरत, आता पॉलियुरेथेन फोमचे ‘पफ पॅनेल’ वापरतात. जाडीइतकेच महत्त्व सांध्यांना आहे, कारण सांध्यातून शिरलेल्या वाफेचे पॅनेलच्या आत पाणी झाल्यास रोधकता कायमची घटते. उष्णतारोधनाचा जुना स्थानिक मार्ग वेगळा होता: सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीची पेवे, म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठारे, विजेशिवाय मातीच्या स्थिर तापमानावर माल राखत असत. 2005 च्या महापुरात त्यांची मोठी हानी झाली.

शीतक, म्हणजे उष्णता वाहून नेणारा द्रव-वायू, निवडताना मोठ्या शीतगृहांसाठी अमोनिया हाच योग्य पर्याय ठरतो. त्याचा उत्कलनबिंदू उणे 33 अंश आहे, त्याची सुप्त उष्णता मोठी असल्याने तो थोड्या प्रमाणात पुरतो आणि त्याने ओझोन थराची हानी किंवा जागतिक तापमानवाढ होत नाही. याउलट आर-22 हा शीतक 1987 च्या मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत आहे आणि आर-404ए कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे 3,900 पट तापमानवाढ घडवतो. अमोनिया तांब्याला खात असल्याने त्याला पोलादी नळ्या लागतात, आणि गंधकाची धुरी दिलेल्या बेदाण्यातून सुटणारा सल्फर डायॉक्साइड ओल्या धातूवर आम्ल बनत असल्याने लहान फ्रीऑन (आर-22 सारख्या शीतकांच्या) यंत्रांच्या तांब्याच्या कॉइलही सुरक्षित राहत नाहीत. शीतकातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी नळ्यांवर पाणी सोडणारा बाष्पनशील कंडेन्सर येथे उपयुक्त ठरतो, कारण कुपवाडच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातील पाण्याप्रमाणे बाष्पीभवनाने चांगला थंडावा मिळतो. मात्र कूपनलिकेचे जड पाणी शुद्ध न करता वापरल्यास नळ्यांवर क्षारांचा थर बसतो आणि विजेचा खर्च वाढतो.

अमोनिया विषारी असून हवेत दहा लाखांत 300 भाग इतके त्याचे प्रमाण झाल्यास जीवितास तत्काळ धोका संभवतो. म्हणून गळतीसूचक, बाहेर हवा फेकणारे पंखे, श्वसनसंच आणि डोळे धुण्यासाठी पाण्याची सोय ही खरेदी कॉम्प्रेसरबरोबरच करावी, आणि यंत्रखोलीला लागून कामगारांची झोपण्याची जागा कधीही ठेवू नये.