कलनशास्त्रातील उदाहरणे आणि दूरस्थ साहाय्य : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
न्यूटन व लायब्निट्स यांनी सतराव्या शतकात स्वतंत्रपणे विकसित केलेल्या कलनशास्त्राच्या अध्यापनात सिद्धांताइतकेच महत्त्व उदाहरणे सोडविण्याला आहे. उदाहरण अडते तेव्हा शिक्षक जवळ असतोच असे नाही. अशा वेळी विद्यार्थ्याला अंतरावरून साहाय्य कसे मिळत गेले व त्याचे स्वरूप कसे बदलले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुद्रित पूर्वपरंपरा :
इंग्लंडमध्ये १७०४ मध्ये सुरू झालेल्या 'द लेडीज डायरी' या वार्षिकाने लवकरच वाचकांचे गणिती प्रश्न छापण्यास प्रारंभ केला. त्यांपैकी काहींची उत्तरे न्यूटनच्या कलनपद्धतीने दिली जात. प्रश्न एका वर्षीच्या अंकात, तर उत्तर पुढील वर्षीच्या अंकात येई. मधला काळ वाचकाच्या स्वतःच्या प्रयत्नाचा होता.

आंतरजालावरील साहाय्य :
अमेरिकेतील स्वार्थमोर महाविद्यालयात १९९४ मध्ये 'आस्क डॉ. मॅथ' हा उपक्रम सुरू झाला. विद्यार्थी ई-मेलने शंका पाठवीत आणि स्वयंसेवक तिचे निरसन करीत. तयार उत्तर देण्यापेक्षा विद्यार्थ्याला पुढची पायरी दाखविण्यावर त्यांचा भर होता. या पद्धतीचे मर्म एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. क्ष-वर्गाच्या साइनचे अवकलन करताना अनेक विद्यार्थी 'क्ष-वर्गाची कोसाइन' एवढेच लिहितात. अचूक उत्तर त्याच्या २क्ष पट आहे, हे सांगितल्याने एक उदाहरण सुटते. मात्र 'आतील फलन कोणते? त्याचा अवकलज किती?' असे विचारल्यास शृंखला नियम समजतो आणि पुढील अनेक उदाहरणे विद्यार्थी स्वतः सोडवू शकतो.

सलमान खान यांनी २००४ मध्ये दूर राहणाऱ्या आपल्या नात्यातील मुलीला दूरध्वनी व संगणकाच्या साहाय्याने गणित शिकविले. त्यातून २००६ पासून त्यांच्या चित्रफिती यूट्यूबवर येऊ लागल्या. भारतात आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांच्या सहकार्याने 'एनपीटेल' प्रकल्प २००३ मध्ये सुरू झाला. चित्रफितींमुळे उत्तम व्याख्याने सर्वदूर पोहोचली. परंतु चित्रफीत विद्यार्थ्याची वही पाहू शकत नाही.

मे २००९ मध्ये 'वुल्फ्रम अल्फा' उपलब्ध झाले आणि समाकलनाचे उत्तर क्षणार्धात मिळू लागले. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'मॅथेमॅटिक्स स्टॅक एक्स्चेंज'वर मात्र प्रश्नकर्त्याने आपला प्रयत्नही मांडावा, असा आग्रह दिसून येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आल्यानंतर संपूर्ण स्पष्टीकरणही यंत्राकडून मिळू लागले. ते प्रत्येक वेळी अचूक असतेच असे नाही.

निष्कर्ष :
१. तीन शतकांत प्रश्न व उत्तर यांतील अंतर एका वर्षावरून काही क्षणांवर आले.
२. या अंतराबरोबर विद्यार्थ्याने स्वतः झगडण्याचा अवकाशही आकसला.
३. साधन कोणतेही असो, विद्यार्थ्याची चूक नेमकी कोठे झाली हे ज्या साहाय्यातून कळते, तेच शैक्षणिकदृष्ट्या उपयुक्त ठरते.

यास्तव महाविद्यालयीन शिक्षकांनी गृहपाठात केवळ अंतिम उत्तर न तपासता विद्यार्थ्याचा पहिला प्रयत्न, त्यातील चूक व तिची दुरुस्ती यांनाही गुण द्यावेत. उत्तर सहज उपलब्ध असलेल्या काळात ते तपासण्याची क्षमता निर्माण करणे, हेच कलनशास्त्राच्या अध्यापनाचे प्रमुख कार्य ठरते.