गवताचं कोर्ट कोणाच्या वाट्याला?

तिगावच्या संत्र्याच्या मुलखात बसून विम्बल्डनचं काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणेल. पण तिथल्या गवतावर सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला लीला राव. तुकारामगाथेची छापील आवृत्ती काढणाऱ्यांपैकी एक असलेल्या शंकर पांडुरंग पंडितांची ही नात. आई क्षमा राव संस्कृत कवयित्री, अन् स्वतः टेनिसपटू. 1934 साली लीलाबाईंनी पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल यांना हरवलं.

त्या काळी चार मोठ्या स्पर्धांपैकी तीन गवतावरच व्हायच्या. अमेरिकेने 1974 नंतर गवत सोडलं, ऑस्ट्रेलियाने 1987 नंतर. गवत कापा, पाणी द्या, रोलर फिरवा, पाऊस आला की थांबा. हार्ड कोर्टाला एवढी निगा लागत नाही. आता गवताचा मोसम उरला जून-जुलैतले मोजके आठवडे, तोही बहुतेक युरोपात.

याचा फटका बसतो तो खालच्या क्रमांकाच्या मुलींना, असं मला वाटतं. विम्बल्डनला थेट प्रवेश क्रमांकावर मिळतो. बाकीच्यांनी पात्रतेचे तीन सामने जिंकायचे, अन् क्रमांक आणखी खाली असला तर तेही दार बंद. गवतावरच्या छोट्या स्पर्धा थोड्याच. मग चेंडू खाली राहतो, पाय सटकतो, हे त्या शिकणार कुठं?

लीलाबाईंच्या घरातच टेनिस होतं. ज्या मुलीच्या घरात ते नाही, तिला सरावापुरतं तरी गवत मिळायला हवं. नाहीतर 1934 चा विजय नुसता सांगण्यापुरताच उरेल.