वैमानिकाची उमेदवारी

विजयदुर्गच्या बंदरांत एखाद्या मुलाला दर्यावर्दी व्हावयाचें असे, तेव्हां त्याचा पूर्वानुभव किती, असें त्याला कोणी विचारीत नसे. चुलता किंवा मामा ज्या फतेमारीवर असेल तिच्यावर तो चढे, चुलीपाशीं बसून भात शिजवी, तळाशीं सांचलेलें पाणी उपशी, दोऱ्या ओढी. कांहीं हंगामांनीं तो खलाशी होई, पुढें सुकाणूं त्याच्या हातीं येई, आणि दैव अनुकूल असेल तर केस पिकण्याच्या सुमारास तांडेल. वाघोटण खाडीच्या मुखाशीं ओहोटीला पाणी कोठें उथळ होतें, किल्ल्याच्या पश्चिमेस समुद्रांत बुडालेली जी भिंत सांगतात तिच्यापासून किती दूर राहावें, हें तो शिकत असतांना त्याच्या पोटाला पहिल्या दिवसापासून मिळत असे. इ. स. १७५६ मध्यें तुळाजी आंग्र्यांचें आरमार येथें जळालें, किल्ला पेशव्यांकडे आला आणि पुढें धुळपांनीं नवें आरमार उभें केलें. तें या शिडीच्या बळावरच. लांकूड विकत मिळतें. तांडेल विकत घेऊन भागत नाहीं, तो घडवावा लागतो.

विसाव्या शतकांत माणूस आकाशांत उडूं लागला आणि ही जुनी रीत मोडली. वैमानिकाला नोकरी हवी तर त्यानें उड्डाणाचे तास आधींच पदरीं बांधून यावें, असा दंडक पडला. त्यांत अन्याय होता असें म्हणतां येत नाहीं. एकआसनी किंवा दोनआसनी विमानावर भात शिजवणाऱ्या पोराला जागा नसते; शिवाय नवशिक्याच्या चुकीला गलबतावर जशी थोडीबहुत सवड असते तशी हवेंत नसते. परंतु यांतून एक विचित्र कोंडी निर्माण झाली. तास असल्याखेरीज नोकरी नाहीं, आणि नोकरी असल्याखेरीज तास मिळण्याचा स्वस्त मार्ग नाहीं.

हिंदुस्थानांत या कोंडीवरचा पहिला उपाय म्हणजे फ्लाइंग क्लब. १९२८ च्या सुमारास सरकारनें या क्लबांना साहाय्य द्यावयास आरंभ केला आणि दिल्ली, कलकत्ता, कराची, मुंबई येथें ते निघाले. मुंबईच्या क्लबाचें मैदान जुहूला होतें. दोन माणसांचें उघडें 'मॉथ' विमान, पुढें-मागें बसलेले गुरु-शिष्य, आणि वाऱ्याच्या घोंघाटांत नळीवाटे कानांत येणारी गुरूची सूचना, असें तें शिक्षण होतें. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजीं देशांत दिलेला पहिला परवाना मिळाला तो याच क्लबांत शिकून. हा 'ए' परवाना स्वतःच्या हौसेपुरता. भाडें घेऊन माणसें किंवा टपाल नेण्यास 'बी' परवाना लागे, आणि त्या दोहोंमध्यें पुष्कळ तासांचें अंतर होतें. सरकारी मदत असूनहि प्रत्येक तासाला पैसे मोजावे लागत. त्यामुळें पहिल्या परवानेवाल्यांत उद्योगपति, संस्थानिक आणि सुखवस्तु घरांतील मुलें दिसतात, तर कारकुनाचा मुलगा क्वचित्‌च दिसतो, याचें नवल वाटावयास नको.

मोठ्या प्रवासाची संधि आली म्हणजे होतकरू वैमानिक तिच्यावर झडप कां घालीत, हें यावरून कळतें. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्यानें ठरावीक मुदतींत काटणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास आगाखानांनीं ५०० पौंडांचें बक्षीस लावलें होतें. १९३० मध्यें मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि टाटा हे तिघे त्यासाठीं निघाले. अस्पी अवघा सतरा वर्षांचा. इजिप्तमध्यें त्याचें विमान स्पार्क प्लगांवांचून अडकून पडलें असतां समोरून येणाऱ्या टाटांनीं आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. अस्पी पुढें गेला आणि बक्षीसहि त्यालाच मिळालें. ही उदारतेची गोष्ट पुष्कळदां सांगितली जाते. तिच्या आड दुसरी एक गोष्ट झांकून राहते. सुमारें पांच हजार मैलांचा तो मार्ग मॉथच्या गतीनें काटावयास साठएक तास लागत. क्लबाच्या मैदानाभोंवतीं घिरट्या घालून तेवढे तास जमविण्यास महिनेच्या महिने गेले असते, आणि ते वाळवंट, समुद्र व परके विमानतळ यांच्या अनुभवाच्या तोडीचे झाले नसते. अस्पी पुढें हवाई दलांत गेला व १९६० मध्यें त्याचा प्रमुख झाला.

ज्याच्या हातीं नोकरी आहे त्याचे तास किती वेगानें वाढतात, हें टाटांच्या टपालसेवेवरून दिसतें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं टाटा स्वतः कराचीहून जुहूला टपाल घेऊन आले आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट तें मद्रासकडे घेऊन गेले. व्हिन्सेंट हे ब्रिटिश हवाई दलांतून आलेले. त्यानंतर त्यांनीं हिंदुस्थानभर गांवोगांव लोकांना विमानांतून फेऱ्या मारून आणल्या होत्या. त्यांची उमेदवारी अशी दुसऱ्यांच्या पैशानें झाली होती. सेवेच्या पहिल्या वर्षांत विमानें सुमारें १,६०,००० मैल उडालीं. ताशीं शंभर मैल धरले तर हे सोळाशें तास झाले, आणि ते दोन-तीन वैमानिकांतच वांटले गेले!

१९३५ मध्यें याच कंपनीनें मुंबई-त्रिवेंद्रम सेवा सुरू केली. वाटेंत गोवा आणि कण्णूर. मुंबई ते गोवा हा टप्पा म्हणजे कोंकणचा किनारा. विजयदुर्ग त्याच रेषेवर आहे. तेव्हांच्या लहान विमानांत वाट दाखविणारीं यंत्रें जवळजवळ नव्हतीं. खाली दिसणारी खाडी, भूशिर, किल्ल्याचा तट ओळखून वैमानिकानें आपलें स्थान ठरवावयाचें, म्हणजे ज्या खुणांवर फतेमारीचा तांडेल चाले त्यांच्याच आधारानें, फक्त दोन हजार फूट वरून. पावसाळाहि दोघांना सारखाच भोंवे. विजयदुर्गास होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखालीं ठेवीत. इकडे जुहूचें मैदान पाण्याखालीं गेलें कीं विमानांचा तळ पुण्यास हलवावा लागे. शिकाऊ वैमानिकाच्या वहींतलीं ते चार महिन्यांचीं पानें बहुधा कोरींच राहत.

दुसऱ्या महायुद्धानें तास फुकट वाटले. त्यांची किंमत अनेकांनीं प्राणांनीं दिली. जे वांचले त्यांच्यापाशीं नोंदवही भरलेली होती, सैन्यानें विकावयास काढलेलीं डाकोटा विमानें होतीं आणि नव्या कंपन्या पावसाळी छत्र्यांप्रमाणें उगवत होत्या. तेव्हां कोंडी उलट्या बाजूनें आली. धंद्याला पेलवणार नाहींत इतक्या कंपन्या झाल्या. न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या समितीनें १९५० मध्यें त्यांची चौकशी केली आणि १९५३ मध्यें त्या सरकारच्या ताब्यांत आल्या. नुसता अनुभव असला म्हणजे जागा मिळतेच असें नाहीं, हें त्या पिढींतील पुष्कळांना फार उशिरां कळलें.

आज भारतांत व्यावसायिक परवान्यास २०० तास लागतात, त्यांपैकीं १०० तास विमानाची सर्व जबाबदारी स्वतःवर घेऊन. त्यांतच तीनशें सागरी मैलांचा एक प्रवास करावा लागतो आणि रात्रींचे पांच तास द्यावे लागतात. मोठ्या विमानाचा कप्तान होण्याच्या परवान्यास १५०० तास लागतात. पहिले २०० तास अजूनहि विकतच घ्यावे लागतात आणि त्यांचा खर्च कित्येक लाखांच्या घरांत जातो. उरलेले बहुतेक नोकरींत मिळतात. मुंबईचा जुना क्लब आपले विद्यार्थी आतां धुळ्यास उडवितो, कारण जुहूवरचें आकाश मोकळें राहिलेलें नाहीं. विजयदुर्ग ज्या जिल्ह्यांत आहे त्या सिंधुदुर्गांत, परुळ्याजवळ चिपी येथें, ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं विमानतळाचें उद्‌घाटन झालें. किनाऱ्यावरच्या एखाद्या मुलाच्या मनांत वैमानिक व्हावयाचें आलें तर धांवपट्टी आतां त्याच्याच जिल्ह्यांत आहे. पहिले २०० तास मात्र त्याला घरापासून दूर, बहुधा कर्ज काढून, मिळवावे लागतात.