कादंबरी आणि तिची शिफारस

कोल्हापूरच्या वायव्येस, पन्हाळ्याच्या शेजारीं, शंकूच्या आकाराचा एक डोंगर उभा आहे. त्यावरील वाडी रत्नागिरी या गांवांत जोतिबाचें देवस्थान आहे. चैत्री पौर्णिमेस तेथें लाखों यात्रेकरू जमतात, उंच सासनकाठ्या नाचतात, गुलालानें डोंगर माखून जातो आणि ‘चांगभलं’चा गजर दूरवर ऐकूं येतो. या यात्रेचें आमंत्रण कोणी कोणास पाठवीत नाहीं. एक जण जाऊन येतो, शेजाऱ्यास सांगतो, आणि पुढील चैत्रांत शेजारी त्याच्या सोबतीनें वाट चालूं लागतो. महाराष्ट्रांत कादंबरीचें वाचन ज्या रीतीनें पसरलें, ती रीत याहून फारशी निराळी नव्हती. टीकाकाराच्या लेखणीइतकेंच, किंबहुना अधिकच, ‘हें वाचून पाहा’ असें म्हणणाऱ्या साध्या वाचकानें तिला घरोघरीं नेलें. त्या वाचकाचा इतिहास सहसा लिहिला जात नाहीं. कारण त्याची शिफारस तोंडी असते आणि ती हवेंत विरून जाते. तरी तिच्या खुणा शोधल्या तर सांपडतात, आणि त्यांतील कांहीं ठळक खुणा या करवीरच्या मुलखांतच आहेत.

मराठी कादंबरीचें वय फार नाहीं. बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं निघालें. त्याचा विषय हिंदु विधवांची दुःस्थिति हा होता. १८६१ सालीं लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. ती अद्भुताच्या अंगानें जाणारी होती. १८७१ सालीं बेळगांवकडील जांबोटीचे रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनीं ‘मोचनगड’ लिहून शिवकालास कादंबरींत आणिलें. पंधरा वर्षांच्या आंतच सामाजिक, अद्भुत आणि ऐतिहासिक अशा तीन वाटा फुटल्या. या सर्वांना मिळून जें नांव पडलें, तें मात्र बाणभट्टाच्या एका संस्कृत ग्रंथाचें. एका पुस्तकाचें नांव साऱ्या जातीस लाभावें, ही गोष्ट वाङ्‌मयांत विरळाच.

नांव कुलीन असलें तरी घरांत कादंबरीचें स्वागत एकदम झालें नाहीं. पोथी वाचणें हें पुण्यकर्म आणि कादंबरी वाचणें हा कालापव्यय, अशी वडील मंडळींची समजूत होती. मुलाच्या हातीं कादंबरी दिसली तर रागें भरावें, आणि सुनेच्या हातीं दिसली तर घराण्याच्या लौकिकाची काळजी करावी, असे ते दिवस. अशा काळीं दुसऱ्यास कादंबरी सुचविणें म्हणजे कांहीं अंशीं स्वतःची पत पणास लावणें होतें. ती पत राखील असें पुस्तक हवें होतें.

तें देण्याचें मोठें श्रेय हरि नारायण आपटे यांस आहे. १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक काढलें. बालवधूच्या तोंडून तिच्या घराची कहाणी सांगणारी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ याच साप्ताहिकांतून क्रमशः आली, आणि स्वराज्याच्या पहांटेची ‘उषःकाल’ हीहि याच साप्ताहिकांतून आली. त्यामुळें गडकोटांच्या कथेसाठीं अंक घेणारा तरुण आणि यमूच्या दुःखासाठीं तो उघडणारी त्याची बहीण, दोघांचें वाचन एकाच छपराखालीं चालण्याची सोय झाली. एकाच्या आवडीचें प्रकरण संपलें कीं दुसऱ्याच्या आवडीचें समोरच असे. वाचनाच्या जातीजातींमधील भिंत अशी सहज, कोणास न दुखवितां, खालीं आली.

आपट्यांच्या स्नेह्यांमध्यें काशीबाई कानिटकर होत्या. त्यांचा जन्म १८६१ सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यांतील आष्टें गांवचा. लग्न झालें तेव्हां त्यांस अक्षरओळखहि नव्हती. पत्नी शिकलेली असावी अशी पतीची इच्छा. म्हणून वडीलधाऱ्यांची नापसंती सोसून त्या वाचावयास शिकल्या. पुढें त्यांनीं ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिली. ती १९०३ सालीं पुस्तकरूपानें निघाली. वाचनाची गोडी लागलेली स्त्री स्वतः कादंबरीकार होऊं शकते, याची ती साक्ष होती. अशा एका घरांत पुस्तक शिरलें कीं तें दुसऱ्या चार घरांची वाट धरी. हळदीकुंकवाच्या बैठकींत जी गोष्ट निघे, तीच दुसऱ्या दिवशीं मागणी होई.

याच सुमारास कोल्हापुरांतून कादंबरीच्या वाचकांस एक खरमरीत सल्ला मिळाला. राजाराम कॉलेजांतील अध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर हे तेथून ‘ग्रंथमाला’ नांवाचें मासिक चालवीत. त्यांत १९०२ सालीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा ‘कादंबरी’ हा निबंध आला. दप्तरांत जन्म घालविणाऱ्या संशोधकानें कादंबरीवर लिहावें, याचेंच अनेकांस नवल वाटलें असेल. राजवाडे यांनीं युरोपांतील मोठ्या कादंबरीकारांची ओळख करून देऊन त्यांच्या मापानें मराठी कादंबरी मोजली, आणि ती उणी पडते हें स्पष्टपणें सांगितलें. शिफारस म्हणजे केवळ स्तुति नव्हे. चांगल्याची ओळख करून देतांना उण्याला उणें म्हणण्याची तयारी हवी, हा धडा त्यांत होता.

इंग्लंडांत मात्र शिफारशीचें काम एका व्यापाऱ्याच्या हातीं गेलें होतें. चार्ल्स एडवर्ड म्यूडी यानें १८४२ सालीं लंडनांत पुस्तकें भाड्यानें देण्यास आरंभ केला. वर्षाला एक गिनी भरली कीं एका वेळीं एक खंड मिळे. एका कादंबरीचे तीन खंड असले म्हणजे तीच कादंबरी तीन वाचकांकडे फिरे. म्हणून तीन खंडांची कादंबरी लिहिण्याचा प्रघातच पक्का झाला. म्यूडीच्या फडताळांत जी जाईल ती चाले, जी तो नाकारील ती पडे. कथेची लांबी आणि नीति दोन्ही त्याच्या हिशेबावर ठरूं लागलीं. १८९४ सालीं त्यानें चालविलेल्या संस्थेनें व तिच्या प्रतिस्पर्ध्यांनींच ती पद्धति मोडली. सुचविणाऱ्याचा लाभ पुस्तकाच्या खपांत गुंतला, कीं वाचकाचें हित मागें पडतें, हें या इतिहासावरून दिसतें.

कोल्हापुरांत ही गोष्ट निराळ्या मार्गानें गेली. येथें १८५० सालींच सार्वजनिक वाचनालय निघालें. तेंच पुढें करवीर नगर वाचन मंदिर म्हणून नांवारूपास आलें. १९१७ सालीं छत्रपति शाहू महाराजांनीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. वाचनालयानें पुस्तकें जमविलीं, शाळेनें वाचक घडविले. मग या नगरींत दोन कादंबरीकार शेजारीं नांदले. ना. सी. फडके हे राजाराम कॉलेजांत तत्त्वज्ञान शिकवीत. ‘जादूगार’ आणि ‘दौलत’ यांनीं त्यांचें नांव तरुणांच्या ओठीं नेलें. वि. स. खांडेकर हे शिरोड्याची शाळा सोडून १९३८ सालीं कोल्हापुरास आले. पहिल्यांचा पक्ष कलेसाठीं कला, दुसऱ्यांचा जीवनासाठीं कला. हा वाद महाराष्ट्रभर गाजला. तथापि वाचनालयाच्या खिडकीपाशीं उभ्या असलेल्या वाचकास कोणत्याहि पक्षाची शपथ घ्यावी लागत नव्हती. या आठवड्यास फडके आणि पुढच्यास खांडेकर, हा क्रम त्याला मोकळा होता. खांडेकरांनीं तर स्वतःहि सुचविणाऱ्याचें काम केलें: खलिल जिब्रानच्या रूपककथा त्यांनीं मराठींत आणिल्या, आणि आपल्या विस्तृत प्रस्तावनांतून कथेमागचा विचार वाचकांपुढें उलगडून ठेविला.

परंतु नुसतें सांगून भागत नाहीं. ज्याच्या खिशांत पैसा नाहीं आणि ज्याच्या गांवांत पुस्तक नाहीं, त्याच्यापुढें उत्तम कादंबरीचें वर्णन करणें म्हणजे उपाशी माणसास पक्वान्नांचीं नांवें ऐकविणें होय. ही उणीव कोल्हापूर संस्थानानें ओळखली, आणि १९४५ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतांत अशा प्रकारचा हा पहिला कायदा. मद्रासचा कायदा त्यानंतर, १९४८ सालीं, झाला. पुढें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यानें त्याची जागा घेतली. आकारानें लहान अशा या संस्थानानें पुस्तकावरील सामान्य माणसाचा हक्क कायद्याच्या भाषेंत प्रथम मांडला, ही गोष्ट करवीरकरांनीं अभिमानानें सांगावी अशी आहे.

त्यानंतरच्या काळांत या मुलखानें कादंबरीच्या नाना जाती पिकविल्या. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ सालीं आली. तिची कथा पुराणांतील, पण प्रश्न भोगलोलुप आधुनिक माणसाचा. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मराठींत प्रथम त्यांच्याकडे आला. कोवाडचे रणजित देसाई यांनीं १९६२ सालीं ‘स्वामी’मध्यें थोरल्या माधवरावांस जिवंत केलें. आजऱ्याचे शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजया’नें १९६७ सालीं कर्णाची बाजू मांडली. कागलचे आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’नें १९७१ सालीं, यंत्र शेतांत शिरल्यावर गड्याचें आणि गुराढोरांचें नातें कसें तुटतें, तें त्याच मातीच्या बोलींत सांगितलें. त्याच कालखंडांत बाबूराव अर्नाळकर यांच्या रहस्यकथा हातोहात फिरत. त्यांची संख्या हजारावर गेली. विद्वानांनीं त्यांकडे पाठ फिरविली, तरी ज्यांना पान उलटण्याची संवय प्रथम त्यांनींच लाविली अशा वाचकांची संख्या लहान नाहीं.

चांगल्या सुचविणाऱ्याचें कौशल्य येथेंच कसास लागतें. रहस्यकथेवर रमलेल्या मुलास एकदम ‘गोतावळा’ दिला तर तो कंटाळेल. त्याला आधीं ‘स्वामी’ द्यावी, कारण पेशवाईच्या दरबारांतहि कारस्थान आणि उत्कंठा आहे. माधवरावांच्या आजारपणाशीं तो थांबला, रमाबाईंसाठीं हळहळला, कीं दुःख वाचण्याची त्याची तयारी झाली. मग ‘मृत्युंजय’, आणि तेथून ‘गोतावळा’ दूर नाहीं. रोज एक कादंबरी स्नेह्यांस सुचविण्याचा नेम ज्या वाचकांनीं धरला आहे, त्यांनीं तिची सारी कथा सांगूं नये. ती कोणत्या मनःस्थितींत वाचावी, कोठें धीर धरावा लागेल आणि तो धीर कां सार्थकीं लागेल, एवढें सांगितलें तरी पुरे. आणि जी स्वतः पुरी वाचली नाहीं, तिची शिफारस तर कधींच करूं नये.

एकाच जातीच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या घरास जगाची एकच खिडकी उघडी असते. इतिहासच वाचणारा आजच्या शेजाऱ्याचें दुःख विसरतो. आजचेंच वाचणारा तें दुःख कोठून आलें हें जाणत नाहीं. दुसरी खिडकी उघडण्यास पंडितच लागतो असें नाहीं. त्या घराशीं ज्याचा लोभ आहे, आणि जो पुस्तक सुचवून तें आणूनहि देतो, असा एक वाचक पुरेसा असतो.